नानीची मिस्सी आणि पार्लरमधला ‘जुना लूक’

नालासोपाऱ्याहून गासला जाताना वस्ती विरळ होत जाते आणि केळीच्या, फुलांच्या वाड्या सुरू होतात. तिथेच रस्त्याला लागून एक छोटं ब्यूटी पार्लर आहे. चालवणारी बाई कुपारी समाजातली, माझ्या जुन्या ओळखीची. यंदा १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला आणि त्याच आठवड्यात आमचा पहिला रोजा. तिचा उपवासकाळ आणि माझा रमजान जोडीनंच सुरू झाले. या दिवसांत चर्चमध्ये सहसा लग्नं लागत नाहीत आणि आमच्याकडेही निकाहाच्या तारखा ईदनंतरच्याच धरतात. त्यामुळे पार्लर सध्या शांत आहे. तिची वही मात्र भरत चालली आहे. पाडवा, ईद, ईस्टर आणि मग लग्नसराई.

परवा दुपारी मी तिच्याकडे टेकले होते. तिनं हौसेनं मोबाइलवर तीन फोटो दाखवले. पहिला ‘पेशवाई लूक’: नऊवारी, नथ, चंद्रकोर, खोपा. दुसरा ‘मुघल लूक’: डोक्याच्या एका बाजूला झुमर, डोळ्यांत सुरमा, हातभर मेंदी. तिसरा ‘कुपारी लूक’: लाल लुगडं आणि अंगावर जुने दागिने. मेहनत खरंच चांगली होती. पण मला तिन्ही फोटोंत एक गोष्ट सारखी दिसली. मुली तीन घरांतल्या, कपडे तीन काळांतले, आणि चेहऱ्याचा रंग मात्र एकच. मानेपाशी तो संपत होता आणि मुलीचा खरा रंग सुरू होत होता.

मी विचारलं तेव्हा ती हसली. म्हणाली, “ताई, दोन शेड वर घेतल्याशिवाय कोणी खूश होत नाही. एखादी पोरगी तयार होते, पण मग तिची आई ऐकत नाही.”

तिला दोष द्यावा असं मला वाटलं नाही. ती गिऱ्हाईक मागेल ते देते. पण आपण सगळे ज्याला ‘जुना लूक’ म्हणतो आहोत, तो खरंच जुना आहे का, हा प्रश्न डोक्यात राहिला. माझं म्हणणं असं की तो जुना नाही. कपडे आणि दागिने जुने आहेत, चेहरा मात्र आजच्या जाहिरातीतला आहे. आणि या चेहऱ्याची किंमत आपल्या मुली मोजत आहेत.

आधी डोळ्यांपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडचा जुना शृंगार डोळ्यांपासूनच सुरू व्हायचा. गासच्या शेजारचं सोपारा हे दोन हजार वर्षांपूर्वीचं नावाजलेलं बंदर. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे इथेच सापडले आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथलाच स्तूप उकरला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत सोपाऱ्याचं नाव येतं. त्याच पुस्तिकेत भडोच बंदरात समुद्रमार्गे उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्या यादीत मद्य, तांबं, कथील, पोवळं यांच्यासोबत अंजनाचा दगडही आहे. म्हणजे इस्लाम येण्याच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावरच्या बायकांच्या डोळ्यांसाठी परदेशातून जहाजं दगड आणत होती. पुढे आम्ही त्याला सुरमा म्हणालो, शेजाऱ्यांनी अंजन म्हटलं.

पैगंबर साहेबांनी ‘इस्मिद’ नावाचा सुरमा पसंत केल्याचं हदीसमध्ये येतं, म्हणून आमच्या घरांत सुरमेदाणीला मान आहे. पुरुषही सुरमा घालतात. हनफी आणि शाफई दोन्ही मतांनुसार सुरम्यानं रोजा तुटत नाही, त्यामुळे रमजानमध्येही तो चालतो.

मेंदी, हळद, कुंकू, अत्तर, उटणं ही मंडळीही जुनीच. पण या यादीत एक वस्तू अशी आहे की जिचं नाव आजची मुलगी ऐकून दचकेल. माझी नानी हसली की तिच्या दातांच्या फटींत काळ्या रेघा दिसायच्या. लहानपणी मला वाटायचं, दात किडलेत. नंतर कळलं की ती मिस्सी होती, आणि नानीच्या तरुणपणी ती लावल्याशिवाय नवरी पुरी सजली असं कोणी म्हणत नसे. हिराकस, माजूफळ, हिरडा असं काहीबाही कुटून ती करायची. (आजच्या तंबाखूच्या मशेरीशी तिची गल्लत नको. ती वेगळी आणि घातक गोष्ट आहे.) हे मुसलमानांचंच काही खास असेल असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मग एका ब्राह्मण मैत्रिणीच्या घरी तिच्या पणजीची गोष्ट निघाली. पणजी दातांना दातवण लावायची. काळं. तेही हिरडा आणि हिराकस घालून केलेलं. सवाशिणीचे दात काळे असावेत ही रीत महाराष्ट्रात अनेक घरांत होती. एकीकडे मिस्सी, दुसरीकडे दातवण. नावं दोन, पण बरणीतला मसाला जवळजवळ एकच. हिरड्यातलं, माजूफळातलं तुरट द्रव्य आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की काळाकुट्ट रंग धरतो. याच जोडीपासून जुन्या युरोपात लिहायची शाई करत.

आता गासकडे परत येऊ. गासच्या चर्चला संत गोन्सालो गार्सिया यांचं नाव आहे. वसईत जन्मलेला हा माणूस तरुणपणीच जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर मारण्यात आलं. त्या काळच्या जपानमध्ये त्यानं उच्चकुलीन लोकांचे चेहरे कसे पाहिले असतील? पांढऱ्या भुकटीनं माखलेले चेहरे आणि काळे दात. जपानीत त्याला ‘ओहागुरो’ म्हणतात. लोखंड आंबवून केलेलं पाणी आणि तुरट फळांची पूड, म्हणजे पुन्हा आपल्या दातवणाचीच जोडी. तिथे केवळ बायकाच नाही, दरबारी पुरुषही दात काळे करत. पुढे राज्य बदललं, पाश्चात्त्य पाहुणे येऊ लागले. १८७० मध्ये सरकारनं उमरावांना दात काळे करायची बंदी घातली आणि १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. शेकडो वर्षं जे सुंदर होतं ते थोड्याच वर्षांत गावंढळ ठरलं. दात तेच होते. बघणारे बदलले होते.

म्हणून मला पार्लरमधल्या फोटोंबद्दल प्रश्न पडतो. पेशवाई लूक करताना दातवण कोणी लावत नाही. मुघल लूकमध्ये मिस्सी नसते. कपाळावरचं, हनुवटीवरचं हिरवं गोंदणही कोणी काढून मागत नाही, अगदी पेन्सिलनं काढलेलंसुद्धा. मी काही मुलींना दात काळे करायला सांगत नाहीये. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येक पिढीला आहे. पण आपण निवड करतो आहोत एवढं तरी कबूल करावं. जुन्यातलं आजच्या नजरेला रुचेल तेवढंच आपण उचलतो, आणि जुन्यात नसलेला गोरा रंग वर पसरतो. मग त्याला परंपरा म्हणतो.

गोरेपणाचं वेड गोऱ्या साहेबानंच आणलं, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. युरोपातल्या बायका त्या काळी चेहऱ्याला सफेता, म्हणजे शिशाचा पांढरा रंग लावत होत्या, हे खरं. जपानच्या पांढऱ्या भुकटीतही शिसं किंवा पारा असायचा. पण आपलं घरही साफ नव्हतं. वर्णाचा आणि जातीचा धागा आपल्याकडे जुना आहे. आमच्यात कोणी अरबस्तानातून आलेल्या खानदानाचा दाखला देतं, कोणी इराणचा, आणि मुलीच्या रंगावर तो दाखला पडताळून पाहिला जातो. ‘गोरी-चिट्टी’ हा शब्द आमच्या लग्नाच्या बोलण्यांत आधी येतो, मुलीचं शिक्षण नंतर. शेजारच्या घरांत तेच ‘गोरी, सडपातळ’ म्हणून छापून येतं. सावळ्या मुलीला ‘गव्हाळ’ म्हणायची युक्तीही सगळ्यांनी वाटून घेतली आहे.

बाजारानं हे ओळखलं. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि नऊवारीतल्या उजळ देवी घरोघरच्या भिंतींवर गेल्या. १९१९ मध्ये मुंबईच्याच ई. एस. पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ बाजारात आणलं. आपल्या शहरात तयार झालेलं हे क्रीम कित्येक घरांत कौतुकानं वापरलं गेलं. पण त्याच्या नावातच बर्फ होतं. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आलं आणि गोरेपणा थेट ट्यूबमध्ये भरला गेला. टीका वाढल्यावर २०२० मध्ये त्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ केला. नाव बदललं ते बरंच झालं. पार्लरच्या खुर्चीत बसलेल्या आईची मागणी मात्र अजून तीच आहे.

हा नुसता आवडीनिवडीचा मामला असता तर मी रमजानच्या पानावर एवढं लिहिलं नसतं. पार्लरवालीनंच मला पुढची गोष्ट सांगितली. ईदनंतर साखरपुडा असलेली एक मुलगी तिच्याकडे एक डबी घेऊन आली होती. लोकलच्या लेडीज डब्यात घेतलेली. डबीवर ना कारखान्याचा पत्ता, ना परवाना क्रमांक, ना आत काय आहे त्याची यादी. पंधरा दिवसांत उजळ, एवढंच लिहिलेलं. मुलगी विचारत होती, “हे लावत राहिले तर फोटोपर्यंत होईल ना?”

अशा डब्यांत पुष्कळदा पारा असतो. त्वचेत रंगद्रव्य तयार करणारं काम पारा अडवतो, म्हणून चेहरा खरोखर उजळतो. बाई खूश होते आणि दुसरी डबी घेते. पण तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांत साठतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं उघड झालं. परळच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांना असंच दिसलं. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण त्यांनी तपासले. त्यातल्या १५ जणांच्या आजारात एक ठराविक खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचं क्रीम वापरल्याचं सांगितलं. ‘किडनी इंटरनॅशनल’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आहे. मलप्पुरम मुस्लिमबहुल जिल्हा आहे. हे वाचताना मला आमच्या सोपाऱ्यातल्या मुली आठवत होत्या.

आपल्या कायद्यानं चेहऱ्याच्या प्रसाधनात दहा लाख भागांत एका भागाहून जास्त पारा चालत नाही, तोही चुकून मिसळला असेल तरच. रंगासाठी शिशाची संयुगं वापरायलाही मनाई आहे. आणि इथे आमच्या सुरम्याचंही खरं सांगायला हवं. काळा चकचकीत दगड अँटिमनीचा असतो तसाच शिशाचाही असतो. दिसायला दोन्ही सारखेच. बाजारात सुरमा म्हणून मिळणारा दगड पुष्कळदा शिशाचा निघतो. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. तेव्हा सुन्नत म्हणून नवजात बाळाच्या डोळ्यांत बाजारातला खुला सुरमा घालणं थांबवायला हवं. आरोग्य जपणं हाही दीनच आहे. मेंदीचंही तसंच. खऱ्या मेंदीला तास लागतात आणि ती तांबूस-नारिंगीच रंगते. अर्ध्या तासात काळी होणाऱ्या कोनमध्ये बहुधा केसांच्या कलपातलं रसायन असतं. चाँदरातीला काढलेली अशी मेंदी ईदच्या दुसऱ्या दिवशी फोड घेऊन उठते, आणि डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

आता धर्माचं. रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य, हे आता सगळ्या शेजाऱ्यांना माहीत आहे. पण रोजा जिभेचाही असतो. कोणाचं मन दुखवलं तर भुकेला फार अर्थ उरत नाही. पैगंबर साहेबांचे एक ज्येष्ठ साथी होते अबू जर. रागाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवलं. तो माणूस हजरत बिलाल होते आणि टोमणा त्यांच्या आईच्या काळ्या रंगावरचा होता, असं परंपरा सांगते. पैगंबर साहेबांनी अबू जरना सुनावलं की तुझ्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक आहे. तेच बिलाल, हबशी वंशाचे, इस्लामचे पहिले बांगी झाले. आज संध्याकाळी ज्या अजानवर आम्ही खजूर तोंडात टाकू, ती अजान देणारा पहिला आवाज एका काळ्या माणसाचा होता. शेवटच्या हजच्या प्रवचनात गोऱ्याला काळ्यावर कोणतंही श्रेष्ठत्व नाही असं स्पष्ट सांगितलं गेलं. कुरआनात सूरह रूममध्ये माणसांच्या भाषांचा आणि रंगांचा वेगळेपणा ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. मग घरी आलेल्या मुलीला बघून ‘रंगानं जरा डावी आहे’ म्हणणाऱ्या बाईनं त्या दिवशी नेमका कुठला रोजा धरला होता?

शेजाऱ्यांना मी काय शिकवणार? ज्यांचा विठ्ठल सावळा, ज्यांच्या बायबलमधल्या गीतरत्नात नायिका आपल्या काळ्या रंगाचा उल्लेख अभिमानानं करते, त्यांना हे ठाऊकच आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना कोणी शेड विचारत नाही.

मेकअपला माझा विरोध नाही, उलट हौसेनं नटावं असंच मला वाटतं. जुना काळ चेहऱ्यावर आणायचा असेल तर आजच्या सामानात ती सोय आहे, आणि ती पूर्वी कधीच नव्हती. आता सगळ्या रंगांची फाउंडेशन मिळतात. मुलीच्या मानेचा रंग बघून तोच चेहऱ्याला घ्या. मग डोळ्यांवर काम करा, कारण जुन्या शृंगाराची ताकद तिथेच होती. लेबल असलेलं, परवान्याचं काजळ वापरा. नक्षीची सुरमेदाणी हवी तर फोटोत हातात धरा. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात सावळी राजकन्या आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराकडे पांढरा रंग होता, आसपासच्या आकृतींना उजळ रंग त्यानं दिलाही, पण तिला सावळंच ठेवलं. तिचे डोळे आणि दागिने बघून कोणी म्हणत नाही की ही थोडी उजळ हवी होती. कोणाला खरोखर जुना लूक करायचा असेल तर त्यानं तिच्यापासून सुरुवात करावी.

निघताना मी पार्लरवालीला लाल लुगड्यातला तो फोटो पुन्हा दाखवायला सांगितला. ती म्हणाली, “हा मी घरी सासूबाईंना दाखवला होता. त्यांनी सगळं आयुष्य लुगड्यात काढलं. म्हटलं, खूश होतील. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला, आणि विचारलं, ही कोणाची? आपल्या गासातली दिसत नाही.” मुलगी त्यांच्या शेजारच्या आळीतलीच होती.

ईदच्या सकाळी माझी भाची तिच्याकडे येणार आहे. झुमर, मेंदी, काजळ सगळं करायचं ठरलं आहे. वहीत तिच्या नावापुढे मी एक ओळ लिहून घेतली: शेड तिचीच. पार्लरवालीनं ती वाचली आणि म्हणाली, “आईला विचारलंय का?” विचारलेलं नाही. आज इफ्तारनंतर विचारणार आहे.